मदत हवी आहे: अ‍ॅनिमेशनची पटकथा शिकायला कुठे जावं?

नमस्कार मंडळी. मी जळगावची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅनिमेशनसाठी लिहायला शिकायचंय. आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या रोटांवर (मोजून घेतलेल्या गव्हाच्या प्रसादावर) एक गोष्ट लिहिलीय: घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गहू मोजताना आजीच्या वाट्याची मूठ उंदीर पळवतो. पण पानभर नुसते संवाद (तेही अर्धे अहिराणीत!) आणि उंदराची पळापळ दोन ओळींत उरकली. ही पळापळ कागदावर किती बारकाईने लिहायची? की स्टोरीबोर्डवाल्यावर (प्रसंग चित्रांच्या चौकटींत मांडणाऱ्यावर) सोडायची?

दुसरं म्हणजे, अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) आणि पवईच्या आयडीसीत (आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात) अ‍ॅनिमेशनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे, पण प्रवेश परीक्षेत चित्रं काढावी लागतात. माझा हात त्यात यथातथाच. मग पुण्याला एफटीआयआयमध्ये (फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) पटकथाच शिकावी का? तिथे शिकलेलं अ‍ॅनिमेशनला कितपत चालतं? कुणी शिकलं असेल तर प्लीज सांगा. घरचे बी.एड. कर म्हणून मागे लागलेत.