‘उपासमार’, ‘भूकबळी’ की ‘दाणापाणी तोडणे’?

खानापूरकर: मंडळी, एक अडलंय. वाचनालयात युद्ध आणि भूक यावर बोलायचंय, आणि रोम करारातल्या (हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्ट ज्यानं उभं राहिलं तो करार), युद्धात नागरिकांना उपाशी ठेवायच्या गुन्ह्याला मराठीत नेमकं काय म्हणावं कळेना झालंय. पेपरवाले कधी उपासमार म्हणूलालेत, कधी भूकबळी. कुठला धरू?

शहापूरचे काका: भूकबळी नको गा. त्यात माणूस मेलेला लागतो, कायद्याला तेवढं लागत नाही. नागरिकांना उपाशी ठेवायच्या इराद्यानं, लढाईची रीत म्हणून, जगायला लागणाऱ्या वस्तू तोडल्या की गुन्हा झाला, मदतीचे ट्रक मुद्दाम अडवले तरी त्यातच येतंय.

निपाणीची अक्का: मला उपासमार पण पटत नाही. पाऊस दडी मारला तरी उपासमारच होते की, ‘झाली’ म्हटलं की करणारा सुटला! आमच्यात भावकीच्या भांडणात म्हणतात बघा, त्याचं दाणापाणी तोडलं. तोडणारा दिसतो, पाणी पण आलं. युद्धाचे नियम सांगणाऱ्या 1977 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलच्या 54 व्या कलमात अन्नासोबत उभी पिकं, जनावरं, पिण्याच्या पाण्याच्या सोयी, कालवे असं सगळं आहे, म्हणजे उभा जोंधळा पेटवला नाहीतर गावच्या विहिरीवरची मोटर फोडली तरी तेच.

खानापूरकर: मग काका, ‘रसद तोडणे’ काय वाईट? बखरीतला तयार शब्द.

शहापूरचे काका: रसद फौजेची असते, आणि फौजेची तोडलेली आजही चालते. पानिपतावर भाऊंची रसद तुटली तेव्हा छावणीत बुणगे, बायका, यात्रेकरू होते ते पण उपाशी राहिले, आजचा वकील नेमका तिथंच भांडला असता. पूर्वी काहीही चालायचं म्हणा, 1863 चा अमेरिकेतला लीबर कोड, म्हणजे तिथल्या फौजेची लढाईची नियमावली, तर शत्रूकडच्या बिनहत्यारी लोकांना पण उपाशी ठेवायला मुभा देत होता. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला वेढा घालणारा जर्मन सेनापती फॉन लेब, त्याला 1948 साली त्या उपासमारीबद्दल दोषी धरलंच नाही.

निपाणीची अक्का: 2024 च्या नोव्हेंबरात हेगच्या कोर्टानं इस्रायलचे नेतन्याहू आणि त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर वॉरंट काढली, त्यात हा आरोप आहे. आरोप हं, निकाल नव्हे, बोलताना घोळ घालू नको. आणि भारत रोम करारात नाही, कोणीतरी हमखास विचारणार.

खानापूरकर: मग ‘नागरिकांचं दाणापाणी तोडणे’ लिहू?

शहापूरचे काका: पुढं ‘मुद्दाम’ घाल. कोर्टात सगळ्यात जास्त घासाघीस त्यावरच होते, समोरचा म्हणतो आम्ही फक्त ट्रक तपासत होतो.