मदत हवी आहे: वाचकांचा व्हॉट्सॲप गट स्वतःच्या चर्चामंचावर कसा हलवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघंजण एक छोटं डिजिटल नियतकालिक चालवतो. वर्गणीदार वाचकांचा व्हॉट्सॲपवर गट आहे. गटाची मर्यादा १,०२४ सभासदांची, आणि आता तो भरत आलाय. पण खरी अडचण जागेची नाही. धरणांवरच्या आमच्या लेखावर एका निवृत्त अभियंत्यांनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव इतका नेमका लिहिला होता की तो स्वतंत्र लेख म्हणून छापावा. वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये तो कुठल्या कुठे वाहून गेला. असं लिखाण हरवू द्यायचं नाही, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

टेलिग्रामवर गट मोठा होईल, पण प्रवाह तोच. स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत, म्हणून तेही बाद. चर्चामंच चालवण्याचं 'डिस्कोर्स' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवावं, असं जवळपास ठरलंय: विषयवार धागे, शोध, आणि सगळी विदा (डेटा) आपल्याकडे.

आता भीती अशी. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं ९०-९-१ चं प्रमाण तुम्हाला माहीत असेल: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, बहुतेक मजकूर एकाचा. आकडे इकडेतिकडे होतील, पण आमच्याकडेही चित्र हेच आहे. व्हॉट्सॲपवर वाचणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. नव्या जागी लॉगिन आलं, पासवर्ड आला. ते नव्वद आलेच नाहीत तर लिहिणाऱ्यांनी लिहायचं कोणासाठी? दोन्हीकडे काही काळ समांतर चालवावं, की तारीख जाहीर करून गट बंद करावा?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. चर्चेत लेखक उतरले तर दर्जा सुधारतो, असा माझा अनुभव. पण आमच्या दोन लेखिका उतरायला तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. ब्रिटनच्या 'द गार्डियन' या वृत्तपत्राने २०१६ मध्ये आपल्याकडच्या ७ कोटी प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा सर्वाधिक त्रास झालेल्या १० लेखकांत ८ स्त्रिया होत्या. त्याच वर्षी एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओने आपल्या संकेतस्थळावरचा प्रतिक्रियांचा विभागच बंद केला. त्रासदायक प्रतिसाद गाळायला यंत्राच्या भरवशावर राहावं तर मराठीत शिवी न देताही माणूस सोलून काढता येतो. तो टोमणा यंत्राला कसा कळणार? रोमन लिपीतली मराठी तर आणखी अवघड.

नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या एनआरकेबीटा या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०१७ मध्ये एक प्रयोग केला होता: प्रतिक्रिया देण्याआधी लेखावरचे तीन प्रश्न सोडवायचे. मला ही कल्पना आवडते, पण लिहिणारे आधीच मोजके असताना दारात परीक्षा ठेवावी का? त्यापेक्षा लेख लिहिण्याआधीच वाचकांना विचारावं, 'या विषयाचं काम तुम्ही केलंय का?' असं वाटतं. 'तुमचं मत काय?' विचारलं की भांडण लवकर पेटतं.

ज्यांनी असा गट हलवलाय किंवा चर्चेचं नियमन (कुठला प्रतिसाद ठेवायचा, कुठला काढायचा ते ठरवणं) केलंय, त्यांनी कृपया सांगा: नियमनाचं काम जुन्या वाचकांकडे सोपवलंत का? त्यांना मोबदला दिलात का? आणि संपादक व वाचक-नियामक यांचं एखाद्या प्रतिसादावर जुळलं नाही, तर शेवटचा शब्द कोणाचा ठेवलात?