पाण्यापेक्षा विरजण महत्त्वाचं
एका ब्रुअरीच्या सगळ्या बिअरना सारखी चव येते ती पाण्यामुळे, असं काहीजण म्हणतात. पाण्याचा वाटा आहेच, पण हल्ली पाणी हवं तसं बदलून घेता येतं. माझ्या मते खरी ओळख बिअर आंबवणाऱ्या यीस्टची. एका घाण्यातलं यीस्ट काढून पुढच्याला लावतात, अगदी विरजणासारखं. घरोघरचं दही वेगळं लागतं ना, तसंच.

लंडनच्या फुलर्स या ब्रुअरीचं उदाहरण इथे यायलाच हवं. तिथे लंडन प्राइड आणि ईएसबी या दोन बिअर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) एकाच घाण्यातून निघतात: पहिला दाट, गोड अर्क आणि नंतरचा पातळ अर्क वेगवेगळ्या प्रमाणात मिसळतात. वर यीस्टही एकच. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून हुंगले, तर संत्र्याच्या मार्मालेडचा तोच वास. ईएसबीत जरा जास्त दाट.