मेन कून बोक्याला फोंड्याहून ठाण्याला सुरक्षितपणे कसे न्यावे?

प्रश्न (फोंडा)
आमच्याकडे मेन कून जातीचा चार वर्षांचा बोका आहे. त्याचे वजन साडेसात किलो भरते. बदलीमुळे मे महिन्यात आम्हांला ठाण्याला राहायला जायचे असून, चोर्ला घाटाने बेळगाव, कोल्हापूर, पुणे असे मोटारीने जावे की रेल्वेने, हे ठरत नाही. पशुवैद्याकडे नेतानाच तो ओरडून ओरडून लाळ गाळतो, म्हणून एका नातेवाइकांनी त्याला झोपेची गोळी द्यायला सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर (म्हापसा)
कोणाच्याही सांगण्यावरून गोळी देऊ नये. गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावते. मे महिन्यातल्या प्रवासात ही जोखीम लहान नाही. शिवाय मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्याशी संबंधित जनुकीय दोष 2005 साली उघडकीस आला. हा विकार असलेली मांजरे वरवर ठणठणीत दिसतात आणि स्टेथोस्कोपने तो दर वेळी कळतोच असे नाही, म्हणून निघण्याच्या पुरेसे आधी बोक्याचा इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. झोपेत असताना त्याचे श्वास मोजून ठेवा. मिनिटाला तीसच्या वर सातत्याने जात असतील तर पशुवैद्यांना सांगा. औषध लागलेच तर ते गॅबापेंटिनसारखे काही सुचवतील, पण त्याची पहिली मात्रा घरीच देऊन परिणाम पाहावा.

उत्तर (मडगाव)
ठाण्याला जायचे असेल तर कोकणकन्या एक्स्प्रेस या रेल्वेगाडीचा विचार अवश्य करा. संध्याकाळी मडगावहून निघून ती पहाटे ठाण्याला पोहोचत असल्याने उन्हाचा त्रास टळतो. मात्र मांजर सोबत ठेवता येते ते केवळ एसी प्रथम श्रेणीत, आणि तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचा कक्ष पूर्ण आपल्या नावावर असेल तरच. तिकीट काढले म्हणजे कूपे मिळालाच असे होत नाही. तो चार्ट तयार होताना ठरतो, त्यामुळे आरक्षण कार्यालयात आधी लेखी अर्ज द्यावा लागतो. स्टेशनच्या पार्सल कार्यालयात मांजराची नोंदणी करून पावतीही घ्यावी लागते. गार्डच्या डब्यातली प्राणी ठेवण्याची पेटी मी तरी सुचवणार नाही.

उत्तर (डिचोली)
मोटारीनेच जाणार असाल तर पिंजऱ्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या. एवढ्या बोक्याला मांजरांसाठी म्हणून मिळणारे बहुतेक पिंजरे अपुरे पडतात; लहान कुत्र्यांसाठीचा, वरून उघडणारा, कडक प्लॅस्टिकचा घ्यावा. त्यात त्याला उभे राहता, वळता आणि पसरता आले पाहिजे, पण फार मोठाही नको, कारण चोर्ल्याच्या वळणांवर तो आत एका बाजूहून दुसऱ्या बाजूला घसरत राहील. तळाशी त्याच्याच वासाची जुनी चादर घालावी. कापडी पिशवीची चेन मोठा बोका पंजाने आणि नाकाने ढकलून सहज उघडतो. पिंजरा मागच्या आसनावर पट्ट्याने घट्ट बांधा किंवा पुढच्या आसनामागे जमिनीवर टेकवा, आणि गाडी थांबलेली असली तरी दार किंवा काच उघडण्यापूर्वी पिंजऱ्याची कडी तपासा. मे महिन्यात बंद गाडी अर्ध्या तासात चाळीस अंशांच्या वर तापते, म्हणून जेवायला एकत्र न उतरता एकाने गाडीत थांबून एसी चालू ठेवावा.

प्रश्न (फोंडा)
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आम्ही कूपेसाठी अर्ज करत आहोत. त्याच्या खाण्याचे काय करावे?

उत्तर (म्हापसा)
निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडेसेच खायला द्या, पाणी मात्र तोडू नका. पिंजरा आजपासूनच दार उघडे ठेवून घरात मांडा आणि त्याचे जेवण त्यातच वाढा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर तो थकवा समजून वाट पाहू नये. त्याला ताबडतोब गारव्यात नेऊन पशुवैद्यांना फोन करावा.