नवा घडीचा चाकू कडक निघाला, तर तो गिऱ्हाइकानेच का घासत बसायचा?

पाऊलवाट

नवा घडीचा चाकू घेतला आणि उघडताना नख उलटायची वेळ आली, की दुकानदारापासून ट्रेकच्या ग्रुपपर्यंत सगळे एकच सांगतात, "वापरत राहा, सैल होईल." माझ्या मते कंपनीचं राहिलेलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची ही पद्धत आहे आणि आपण ती मुकाट्याने मान्य करून टाकली आहे.

हे लिहायला कारण घडलं. माझ्या भावाने आणि मी एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे दोन लाइनर लॉकवाले (उघडलेलं पातं मुठीतल्या पट्टीने अडवणारे) चाकू घेतले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीपुरता नाही. भावाचा अंगठ्याने ढकलला की पातं सरळ जाऊन टक् करून बसतं. माझा थोडा उघडतो, अडतो आणि जोर लावला की एकदम सुटतो. कडकपणा मी सहन केला असता, पण हे एकदम सुटणं बोट कापणारं आहे. मिटताना आणखी कठीण. आतली लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला चिकटून बसते, ती अंगठ्याच्या टोकाने जोर लावून सरकवावी लागते, आणि लाइनर लॉकमध्ये तो अंगठा पात्याच्या वाटेतच असतो.

शेवटी खोलून पाहिला. पात्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझचे पातळ वॉशर आहेत. एकावर अर्ध्या चंद्रकोरीएवढाच भाग घासून चकचकीत झालाय, बाकीचा तसाच मंद. म्हणजे पातं एका अंगाला दाबून फिरतंय. दुसऱ्या वॉशरच्या कडेला प्रेसमधून कापताना वर आलेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, तसाच उभा होता, नखाला लागत होता. आता हा बर "वापरून सैल" व्हायचा म्हणजे तो आधी पात्याला आणि पट्टीला ओरखडे काढणार, मग झिजणार. हे रुळणं नव्हे, ही नुकसानीची सुरुवात आहे.

आणि वर मेख अशी, की बऱ्याच कंपन्यांच्या हमीत चाकू खोलला की हमी संपते. म्हणजे दुरुस्त तुम्हीच करा, आणि केलीत तर पुढची जबाबदारीही तुमचीच. एकाच पैशात एकाला नीट वस्तू आणि दुसऱ्याला अर्धवट, हे मला पटत नाही.

जुना फिटर

ताई, तुमचा राग समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. मशीन शॉपमध्ये हयात गेली म्हणून सांगतो.

घडीच्या चाकूत पात्याचं भोक आणि त्यातून जाणारी पिन यांच्यातली मोकळी जागा मिलिमीटरच्या शतांशांत असते. पातं तापवून झटकन थंड करतात तेव्हा ते किंचित वाकतं. वॉशरच्या जाडीत फरक, पट्टीच्या सपाटपणात फरक, मुठीचे दोन भाग एकमेकांवर बसण्यात फरक. प्रत्येक भाग तपासणीत पास होतो, पण एखाद्या नगात सगळे फरक एकाच बाजूला पडतात आणि तो नग तुमच्या हातात येतो. भावाच्या चाकूत त्याच फरकांनी एकमेकांना खोडलं असेल. म्हणून तर तिथे रिव्हेट (ठोकून कायमची बसवलेली खीळ) न मारता स्क्रू दिलेला असतो. शेवटचं जुळवणं हाताने करायचं, हे त्या रचनेत धरलेलंच आहे. स्वस्त मालात जुळवणाऱ्या कामगाराला एका नगामागे फार थोडा वेळ मिळतो. त्याने जास्त वेळ द्यावा असं वाटत असेल तर तो किमतीत येणार.

बरं, काम काय आहे? मुठीचे सगळे स्क्रू आणि पातं ज्यावर फिरतं तो मधला मोठा स्क्रू, दोन्ही अर्धा फेरा सैल करा. पातं मिटलेलं ठेवून दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये आणा. मग आधी मुठीचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. मधला सगळ्यात शेवटी, अगदी जरा जरा. चाकू उघडून लॉक लावा, पात्याचं टोक कापडात धरून डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर किंचित आवळा, नाही तर सोडून द्या. निम्मे कडक चाकू एवढ्यावर ठीक होतात, कारण कारखान्यात मधला स्क्रू नुसता जास्त पिळलेला असतो.

तुमच्या वॉशरचं म्हणाल, तर काचेच्या तुकड्यावर हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, वर दोन थेंब तेल, आणि वॉशर बोटाने दाबून गोल फिरवा. बर निघतो, तोंड सपाट होतं.

पाऊलवाट

फिटरकाका, पद्धत उत्तम सांगितलीत, जपून ठेवते. पण किमतीचा मुद्दा पटला नाही.

व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू घ्या. स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये 1884 पासून ही कंपनी आहे. त्या चाकूला रिव्हेट, म्हणजे गिऱ्हाइकाला आवळायला-सैल करायला काही ठेवलेलंच नाही. जे काय जुळवायचं ते कारखान्यातच. साधं मॉडेल काही परवडण्यापलीकडचं नसतं, आणि माल किंवा कारागिरी यातल्या दोषावर आयुष्यभराची हमी असते. स्क्रू दिला की जबाबदारी ढकलता येते, रिव्हेट मारला की घ्यावीच लागते. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पोलादवेडा

पाऊलवाट यांच्या बाजूने आणखी एक. अमेरिकेतल्या ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूत पिनेभोवती एक बुशिंग, म्हणजे धातूची छोटी नळी, असतं. स्क्रू पूर्ण आवळायचा, अंदाज करायचाच नाही, कारण पात्याला किती जागा मिळणार हे त्या बुशिंगच्या लांबीने ठरलेलं असतं. खोला, धुवा, जोडा, घट्ट आवळा, चाल पुन्हा तीच. म्हणजे सारखेपणा रचनेतच बसवता येतो.

जुना फिटर

येतो ना! आणि तो चाकू शेकडो डॉलरला पडतो, कारण ते बुशिंग आणि पातं इतक्या बारीक मापात घासायला यंत्रही भारी लागतं आणि माणूसही. माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत.

व्हिक्टोरिनॉक्सची तुलना मात्र सरळ नाही. त्या लाल चाकूंच्या नेहमीच्या छोट्या आकारात लॉक नसतो. पाठीची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबते, तोच त्याचा अडसर. तिथे कडकपणा हवाच असतो, नाही तर कापताना पातं बोटांवर मिटेल. लाइनर लॉकमध्ये मिटलेलं पातं एक बारीक गोळी धरून ठेवते, ती पात्यातल्या छोट्या खळग्यात बसते. खळगा खोल पडला तर उघडताना आधी अडतं आणि मग एकदम सुटतं. ताई, पहिल्याच हालचालीत अडत असेल तर दोष तिथे, आणि पुढे जाऊन अडत असेल तर वॉशर किंवा कचरा. आधी हे नक्की करा. गोळी आणि खळगा यांना हात लावू नका. ती पकड कमी झाली की चाकू खिशात आपोआप उघडतो.

कलमवाला, दापोली

मी वेगळ्याच बाजूने बोलतो. मला कडक चाकूच हवा असतो!

आमची आंब्याची कोय कलमं पावसाच्या सुरुवातीला होतात. कोवळ्या रोपाच्या दांड्यात उभा छेद द्यायचा, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप घ्यायचा आणि ती आत बसवायची. काप एका झटक्यात आणि सपाट यायला हवा, सालीला साल भिडली तरच कलम धरतं. पातं थोडं जरी डुगडुगलं तरी काप लहरी येतो आणि मध्ये फट राहते. म्हणून कामावरची मुलं दुकानात मऊ चालणारा चाकू उचलतात तेव्हा मी तो परत ठेवायला लावतो. हंगामात चाकू उघडाच असतो, दिवसातून किती वेळा मिटतो? उघडायला त्रास झाला तर झाला.

आणि नंतर जो कडकपणा येतो, त्यात कारखान्याचा दोष फार थोडा. आंब्याचा चीक सांध्यात जातो आणि राळेसारखा घट्ट होतो. पाण्याने जात नाही, वर तेल टाकलं तर त्याची काळी लुगदी होते आणि सांधा अजून जाम. आधी स्पिरिट किंवा रॉकेल सोडायचं, दहा-वीसदा उघडझाप करायची, फडक्याने पुसायचं, काळं यायचं थांबेपर्यंत. तेल त्यानंतर, एकच थेंब. बरेच लोक याच्या उलट करतात आणि कंपनीला शिव्या देतात.

हिरवा_गच्चीवाला

माझ्या आईने बागेतल्या चाकूला खोबरेल लावलं होतं, तो थंडीत हलेना. घरात दुसरं कुठलं तेल चालेल?

कलमवाला, दापोली

खोबरेल नको दादा. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं, बाटलीत दिसतं तसंच सांध्यातही. जवसाचं तर अजिबात नको, ते हवेत वाळून वार्निशसारखं कडक होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या. फळं-भाजी कापायचा चाकू असेल तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल मिळतं, ते घ्या.

घाटवाट

पाऊलवाट, तुमचा नियम सगळ्या चाकूंना लावता येणार नाही. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल बघा. 1890 मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी तो बनवला. बीच लाकडाची मूठ, तिला करवतीने पाडलेली खाच, त्यात पातं, आणि 1955 पासून वर फिरणारी लॉकची कडी. लाकूड दमट हवेत फुगतं आणि खाच पात्याला आवळते, ही त्या लाकडाचीच प्रकृती. तिथले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी उघडतात. या युक्तीला नावसुद्धा आहे, "कू दु साव्वायार". आता असा चाकू आषाढात राजमाचीला नेला आणि आवळला, तर तो दोष म्हणायचा का?

उपाय घरचा आहे. मूठ उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्या. मग खाचेच्या आतल्या भिंतींवर मेण घासा. तरी आवळतच असेल तर दुमडलेला पॉलिश पेपर खाचेतून दोन-चारदा फिरवा, पण दमट दिवसांत नाही, नाही तर उन्हाळ्यात पातं लोंबेल.

पाऊलवाट

घाटवाट, लाकडाचं मान्यच आहे, आणि तिथे गिऱ्हाइकाला ते आधीपासून माहीत असतं. ओपिनेल घेणारा लाकूड समजून घेतो. माझ्या चाकूची मूठ प्लास्टिकची, पट्ट्या स्टीलच्या. त्यातलं काय फुगलं?

कलमवाले दादा, तुमचा मुद्दा मला आवडला, पण तुम्ही घट्ट आणि अडणारा यांना एकाच माळेत ओवताय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा घट्ट चालणारा चाकू मलाही चालेल. मध्येच अडणारा तुम्ही तरी कामावर द्याल का?

कलमवाला, दापोली

नाही देणार. अडणारा मीही परत करतो.

झटपट_जुगाड

एवढं कशाला? लॉक चिकटतोय ना, पट्टीचं टोक कानशीने जरा घासा, काम झालं. माझा असाच नीट झाला.

जुना फिटर

कृपा करून हे कोणी करू नका. पट्टीचं टोक आणि पात्याचं बूड जिथे भिडतात तो उतार मोजून दिलेला असतो. कानशीने तो बदलला की आज मऊ वाटेल आणि उद्या जोर पडल्यावर लॉक घसरून पातं चार बोटांवर येईल. चिकटत असेल तर दोन्ही तोंडं स्पिरिटने पुसा आणि पात्याच्या बुडावर शिसपेन्सिल घासा. ग्रॅफाइटने चिकटणं बहुतेक वेळा थांबतं. नाही थांबलं तर चाकू परत. स्क्रू, तेल, कचरा आणि फार तर वॉशर, घरचं काम इथे संपतं.

गल्ल्यावरचा

मी विकतो, म्हणून माझीही बाजू ऐका. कडक म्हणून परत येणाऱ्या चाकूंत बऱ्याच स्क्रूंची डोकी आधीच गोल झालेली असतात. स्क्रूच्या आट्यांना कारखान्यात गोंद लावतात. लोक स्वस्तातला टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचा) पाना घालून पिळतात, पाना घसरतो, डोकं गेलं. आधी स्क्रूला केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा द्या, गोंद मऊ पडतो, आणि पाना बरोबर मापाचा घ्या. डोकं गेलेला नग कंपनी आमच्याकडून घेत नाही, मग नुकसान माझं. म्हणून मी "वापरा, सैल होईल" म्हणतो. फसवायला म्हणत नाही, खोलू नये म्हणून म्हणतो.

पाऊलवाट

तुमची अडचण खरी आहे. पण त्यातून हेच निघतं ना, की कारखान्यात न झालेल्या तपासणीची किंमत एकतर तुम्ही भरता नाहीतर मी? कंपनी दोन्हीकडून सुटली.

फिटरकाकांनी आखलेली हद्द मला मान्य आहे. स्क्रू जुळवीन, तेल घालीन, चीक-माती काढीन, ती माझी निगा. पण वॉशरचा बर मी त्या हद्दीत धरत नाही. तो पहिल्या दिवसापासून होता आणि बोट फिरवलं असतं तरी कळला असता.

जुना फिटर

बराच्या बाबतीत तुमच्याशी वाद नाही, तो आमच्या शॉपमध्ये कोणी सोडला असता तर सुपरवायझरने नग तोंडावर मारला असता. जुळवणीवरून मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. स्वस्त चाकू आणि हातचं जुळवणं, दोन्ही एका पैशात मागू नका.

गल्ल्यावरचा

ताई, न खोलता परत करायचा असेल तर दुकानातच तपासून घ्या. पातं हळू उघडा आणि अडतंय का बघा, मिटल्यावर वरून बघा मध्ये बसलंय का, लॉक लावून टोक हलवा. माझ्याकडे कोणी मागितलं तर मी एकाच मॉडेलचे तीन-चार नग काढून ठेवतो, हाताला येईल तो न्यावा.

पाऊलवाट

दुकानात ते जमेल. ऑनलाइन मागवणाऱ्याला मात्र एकच बंद डबा येतो. त्याला निदान हमीच्या कागदावर एवढं तरी लिहून मिळावं, की मधला स्क्रू जुळवला म्हणून हमी जाणार नाही. कोणाच्या चाकूबरोबर असा कागद आला असेल तर कंपनीचं नाव इथे जरूर द्या, पुढचा चाकू मी त्यांचाच घेईन.