लॅप स्टीलवर आधुनिक जॅझ: जुळणी बदलायची की हात?

पोलादी दांडी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात इथे इंदूरला, रामबागेतल्या एका घरगुती बैठकीत, मी मांडीवरच्या गिटारवर, म्हणजे लॅप स्टीलवर, जॅझचे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ सालची 'सो व्हॉट' ही रचना वाजवली. या वाद्याशी ज्यांचा परिचय गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रापुरता होता, असे एक काका नंतर म्हणाले, "वाजवलेत छान, पण हे वाद्य रडण्यासाठी आहे, तुम्ही त्याला वाद घालायला लावता." मला हा शेरा निंदेपेक्षा कौतुकाचा वाटला, हे आधीच सांगून टाकतो.

माझे म्हणणे असे आहे की आधुनिक जॅझसाठी लॅप स्टीलची जुळणी किंवा बांधणी बदलण्याची गरज नाही. मी सी सिक्स्थ जुळणी वापरतो. खर्जाकडून वर सी, ई, जी, ए, सी, ई. डाव्या हातातली, तारांवर सरकवायची पोलादी दांडी सरळ ठेवली की सगळ्या तारांचे स्वर एकदम सरकतात आणि स्वरांमधली अंतरे तीच राहतात, म्हणून "एकाच साच्याची कॉर्ड" (एकत्र वाजणारा स्वरसमूह) हा आरोप होतो. पण साचा एक असला तरी त्याचा अर्थ खाली वाजणाऱ्या बेसवर ठरतो. पाचव्या पडद्याच्या खुणेवर एफ, ए, सी, डी मिळतात; बेसवाल्याने डी धरला की तोच डी मायनर सेव्हन होतो. तिथून पहिल्या खुणेवर आलो आणि बेसने जी वाजवला, तर तेच चार स्वर जीचे कोमल पाच, कोमल सात, कोमल नऊ आणि तीव्र नऊ होतात. सातव्या खुणेवर सीच्या बेसवर जी, बी, डी, ई, म्हणजे भरघोस सी मेजर नाइन्थ. दांडी कुठेही तिरकी न करता एवढे साधते. 'सो व्हॉट'मध्ये तर सोळा आवर्तने (प्रत्येकी चार मात्रांची) डी डोरियन (आपला काफी थाट म्हणा), मग आठ आवर्तने अर्धा स्वर वर आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी. दांडीने फक्त एक खूण वर जायचे आणि परत यायचे.

बेस क्लेफ

आपल्या गणितात एक भोक आहे आणि ते नेमके महत्त्वाच्या जागी आहे. पहिल्या खुणेवर आपल्याला मिळतात सी शार्प, एफ, जी शार्प आणि ए शार्प. यात जीचा गंधार, म्हणजे बी, कुठे आहे? जी सेव्हनची ओढ बी आणि एफ यांच्यातल्या ताणातून येते. त्यातला एक स्वर गायब असेल तर ती कॉर्ड रंगीत वाटेल, पण सीकडे खेचणार नाही. मी स्वतः बेस वाजवतो आणि ज्याच्या जोरावर आपण सगळे अर्थ लावता तो गृहस्थ मीच असतो, म्हणून तक्रार करण्याचा अधिकार मला आहे.

बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गिटार शिकवणाऱ्या बिल लेव्हिट यांनी याच अडचणीसाठी स्वतंत्र जुळणी काढली: सी शार्प, ई, जी, ए शार्प, सी, डी. तीत त्याच पहिल्या खुणेवर खालच्या चार तारा छेडल्या की डी, एफ, जी शार्प, बी मिळतात, म्हणजे जीवर गंधारासह कोमल नऊ. सातव्या खुणेवर वरच्या पाच तारांत अख्खा जी नाइन्थ बसतो. जुळणीला हात लावणार नाही हा आग्रह मला शिस्तीपेक्षा सोय वाटतो.

जुना श्रोता

मी दोघांशीही असहमत आहे. बडी एमन्स यांनी १९६३ साली स्टील गिटारवर जॅझची तबकडी केली, ती पेडल स्टीलवर. पायाने एकेका तारेचा स्वर बदलण्याची ती सोय वाजवणाऱ्यांना हवीशी वाटली, कारण दांडी सगळ्या तारांना एकत्रच नेते आणि तिरकी धरून सुटका फार मर्यादित होते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'मध्ये (तीही १९५९ सालचीच) तीन स्वरकेंद्रे एकमेकांपासून चार-चार पडद्यांवर आहेत आणि पुष्कळ ठिकाणी दोन मात्रांत कॉर्ड बदलते. त्या वेगात दांडी उचलून अचूक टेकवणे म्हणजे धावत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणे. पडदे उमटलेले नसल्यामुळे केसभर चूक झाली तरी स्वर बेसूर होतो, आणि ती चूक झाकायला वादक कंप वाढवतो. परिणाम असा की वेगवान रचना सुद्धा समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलातल्यासारखी वाटते. शिवाय घसरत जाणे हा या वाद्याचा स्वभाव आहे, आणि बीबॉपची (वेगवान आधुनिक जॅझची) ओळ सुट्या, ठसठशीत स्वरांवर उभी असते.

नखाची तान

घसरण्याबद्दल एक शब्द. मी सारंगी शिकते. तिथे पडदे नाहीतच, नखाच्या मुळाशी तार टेकते आणि स्वराकडून स्वराकडे जाताना घसरण टाळता येत नाही. तरीही सारंगीवर दाणेदार तान निघते. याच शहरात वाढलेल्या गायक अमीर खाँसाहेबांचे वडील सारंगीवादक होते, आणि खाँसाहेबांनी मेरुखंडाने, म्हणजे मोजक्या स्वरांचे सगळे क्रम फिरवून, जी बढत केली ती ऐकताना मला जॅझच्या ओळींची आठवण होते. घसरण किती ठेवायची हे हात ठरवतो, वाद्य नव्हे. ब्रजभूषण काबरांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवला तेव्हाही "ते हवाईचे वाद्य" हा आक्षेप काही लोकांना सुचलाच असेल.

पोलादी दांडी

क्लेफ दादा, बी नसल्याचे मान्य. तो स्वर मी एकल ओळीत वाजवतो, कॉर्डमध्ये नाही. आणि त्यासाठी कॉर्ड थांबवावी लागते, हेही मान्य. लेव्हिटची जुळणी मी दोन महिने ठेवून पाहिली. तिच्यात कॉर्ड भरपूर मिळाल्या, पण वरच्या दोन तारांत केवळ एका पूर्ण स्वराचे अंतर असल्याने गंधाराच्या जोडीने गाणारी माझी ओळ तिथे गुदमरली. मला कॉर्ड वाजवणारा पियानो व्हायचे नाही, सॅक्सोफोन व्हायचे आहे. ती माझी निवड आहे, नियम नव्हे. मूळ पोस्टमध्ये मी ती नियमासारखी मांडली, ही चूक.

श्रोते काका, 'जायंट स्टेप्स'बद्दल आपले बरोबर आहे. मी ती वाजवत नाही. पण सुटा स्वर दांडीपेक्षा उजव्या हातावर अवलंबून असतो: प्रत्येक स्वरानंतर तळहाताची कड तारांवर टेकवून नाद तोडला, तर दांडी सरकताना मधली घसरण ऐकू येत नाही. माझा रियाझाचा निम्मा वेळ या तोडण्यात जातो. कंप मी जवळजवळ सोडला आहे, कारण बेसूरपणा लपवायची तीच पहिली जागा.

जुना श्रोता

कंप सोडला असेल तर ऐकायला येईन. मात्र रामबागेतल्या बैठकीत, जिथे मीही मागे बसलो होतो, मधल्या आठ आवर्तनांत आपण ती एक खूण वर जाताना चार वेळा थोडे खालीच थांबलात, आणि प्रत्येक वेळी कंप परतला होता.

बेस क्लेफ

दोन वेळा. उरलेल्या दोन वेळा मीच खाली होतो.