सोलकढी सांडली तर तांदूळ नको
लॅपटॉपवर काही सांडलं की तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, म्हणजे तांदूळ पाणी ओढून घेतील, असं काही जण सुचवतात, ते कृपया करू नका. आमच्याकडे मालवणात आषाढात डब्यातले तांदूळच सर्द होतात, ते आतलं पाणी काय ओढणार? उलट त्यांचं पीठ पोर्टमध्ये जाऊन बसतं.

माझ्या कीबोर्डवर गेल्या जुलैत अर्धी वाटी सोलकढी सांडली. चार्जर काढला, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून मशीन बंद केलं, पंचावर तंबूसारखं पालथं घातलं. इथवर बरोबर. मग दोन दिवसांनी कोरडं वाटलं म्हणून चालू केलं, तिथे चुकलं. उघडल्यावर बॅटरीच्या कनेक्टरभोवती हिरवट खरवड धरलेली दिसली. मशीन बंद असलं तरी बॅटरीचा वीजदाब बोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पट्टीवर, असतोच, आणि मीठ-आमसुलाचं पाणी तांबं खातं. मीठ तर आपल्या दमट हवेतलं पाणीही धरून ठेवतं.

म्हणून साधं पाणी सोडून काहीही सांडलं, तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी सोडवून घ्या आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने (लवकर उडून जाणाऱ्या साफसफाईच्या द्रवाने) धुऊन घ्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लॅस्टिक वाकतं. काय सांडलं ते त्याला खरं सांगा, लाजू नका.